देव गेले, लय राहिली

गेल्या महिन्यात एका रविवारी माझ्या भाच्याने दिवाणखान्यातल्या स्पीकरवर एका व्हिडिओ गेमचं संगीत लावलं. गेम पोलंडचा, 'द विचर ३', २०१५ सालचा. मोठा वाद्यवृंद, खाली ढोल घुमतोय आणि वर बायकांचा गळा: घट्ट, टोकदार, छातीतून सरळ फेकलेला, लाडीगोडीचा मागमूस नसलेला. हे गळे 'पर्सिव्हल' नावाच्या पोलिश मंडळींचे. जुनं स्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश, बल्गेरियन अशा भाषाभगिनी बोलणाऱ्या लोकांचं, लोकसंगीत हाच त्यांचा उद्योग. काका जेवून शतपावली घालत होते. थांबले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "बनावट आहे सगळं. शेतातलं गाणं उचलायचं, त्याला व्हायोलिनांची झूल चढवायची आणि वर कुठल्या तरी मेलेल्या देवाचं नाव द्यायचं." भाचा उसळला. "आजोबा, उलट आहे. ख्रिस्ती व्हायच्या आधीचा तो त्यांचा खरा आवाज आहे. चर्चने दाबलेला. हजार वर्षांनी बाहेर येतोय."

जेवणानंतरची झोप गेली, भांडण मात्र रंगलं. हे भांडण फक्त आमच्या घरचं नाही. स्लाव्ह लोकगीतं, पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवदेवता आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ही मोट जिथे जिथे बांधली जाते, तिथे हेच दोन पक्ष पडतात. एक शुद्धतेचा चौकीदार, दुसरा पुरातनाचा भक्त. दिसायला विरुद्ध, पण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच: हे किती जुनं, किती अस्सल? मला ती मोजपट्टीच चुकीची वाटते. अशी मोट बांधण्यात गैर काही नाही. पारख करायची ती एवढीच, की या व्यवहारात वाद्यवृंदाने काय सोडलं. गावाकडून नुसती चव घेतली, की आपली चालायची रीतच बदलली? देव खरा होता की कल्पिलेला, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. स्लाव्ह देवांच्या बाबतीत तर तो विचारून हाती फारसं काही लागतही नाही.

कीव्हच्या व्लादिमीर राजाने इ.स. ९८० मध्ये आपल्या वाड्याजवळच्या टेकडीवर सहा देव बसवले: पेरून, खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्गल आणि मोकोश. पेरून लाकडाचा, डोकं चांदीचं, मिशी सोन्याची. आठच वर्षांनी त्याच राजाने बाप्तिस्मा घेतला आणि पेरूनला घोड्याच्या शेपटीला बांधून, बारा माणसांकडून काठ्यांनी बडवत नेऊन नीपर नदीत ढकलून दिलं. हे आपल्याला सांगतं कोण? ख्रिस्ती मठातले बखरकार. म्हणजे देवांबद्दलची साक्ष त्यांना बुडवणाऱ्यांची. स्लाव्हांकडे वेद नाहीत, आइसलंडवाल्यांच्या एड्डांसारखे देवकथांचे ग्रंथ नाहीत. एकही देवकथा त्यांच्या स्वतःच्या तोंडून लिहून राहिलेली नाही. विसाव्या शतकात इव्हानोव्ह आणि तोपोरोव्ह या अभ्यासकांनी गडगडाटाचा देव पेरून आणि त्याचा वैरी वेलेस यांच्या झुंजीची कथा पुन्हा जुळवायला घेतली, तेव्हा त्यांना तुलनेसाठी आपल्या वेदातल्या इंद्र-वृत्रापर्यंत यावं लागलं. पेरून आणि पर्जन्य ही नावं एकाच मुळाची, असं काही भाषातज्ज्ञ म्हणतात, काहींना ते मान्य नाही. 'वेलेसचं पुस्तक' म्हणून जो प्राचीन ग्रंथ मिरवला जातो, तो तर विसाव्या शतकातला बनाव आहे.

याहून गमतीची गोष्ट पालुपदांची. स्लाव्ह गाण्यांत ओळीच्या शेवटी 'लेली, लेली', 'लादो, लादो' असं येतं. जुन्या पंडितांनी त्यावरून लेल नावाचा प्रेमदेव आणि लादा नावाची देवी उभी केली. समजा, उद्या खंडोबाची सगळी गोष्ट पुसली गेली. म्हाळसा नाही, बाणाई नाही, मणी-मल्ल नाहीत, जेजुरीही नाही. उरली फक्त वाघ्याची दिमडी आणि 'येळकोट येळकोट'. हजार वर्षांनी एखादा संशोधक येईल आणि 'येळकोट' नावाच्या देवाचं चरित्र लिहील. त्याला हसू नये, त्याच्याकडे दुसरं काही नसेल. पण त्याच्या चरित्रापेक्षा ती दिमडी आपल्याला खंडोबाच्या जास्त जवळ नेईल, हे तर खरं? स्लाव्हांचं नेमकं हेच झालं आहे. देवांची चरित्रं गेली, वर्षाचं गाणं राहिलं.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की रशियातल्या खेड्यांत चंडोलाच्या आकाराचे छोटे पाव भाजत. मुलं ते हातात नाहीतर काठीच्या टोकाला धरून छपरावर, टेकाडावर चढायची आणि पाखरांना ओरडून सांगायची, या, येताना वसंत घेऊन या. बेलारूसमध्ये याला 'गुकान्ने व्यास्नी' म्हणतात. गाणं तीन-चार स्वरांचं, आणि ओळ संपताना गळा एकदम वर उडतो: ऊऽऽ! आपल्याकडे हाळी देतात तशी. वसंताला घातलेली हाळीच ती. युक्रेनमधलं 'श्चेद्रिक' घ्या. चार स्वरांची एक फिरकी, तीच सबंध गाणंभर गिरगिरत राहते. गाणं नववर्षाचं, पण त्यात पाकोळी येते आणि घरधन्याला सांगते की बाहेर येऊन बघ, मेंढ्या व्यायल्यात. भर जानेवारीत पाकोळी कुठून आली? कारण हे नववर्ष एकेकाळी वसंतातलं होतं. युक्रेनी संगीतकार लेओन्तोविचने १९१६ मध्ये ते वृंदगायनासाठी बांधलं. १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने त्याला गोळी घातली. १९३६ मध्ये अमेरिकेत त्याच चालीवर घंटांचे इंग्रजी शब्द चढले आणि आज अर्धं जग ते नाताळचं गाणं म्हणून गातं. धर्म बदलला, भाषा बदलली, ऋतूही बदलला. ती चार स्वरांची फिरकी तशीच आहे. या परंपरेत देवापर्यंत जाणारी काही वाट असलीच तर ती इथून जाते. पेरूनचं नाव घेऊन दणादण दुंदुभी वाजवल्याने तिकडे कुणी पोचत नाही.

काकांच्या आक्षेपात दम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उलट त्यांनी सांगितला त्याहून तो जास्त पक्का आहे. लोकगीत प्रसंगावर जगतं. कापणी, लग्न, मयत. सभागृहात तो प्रसंग नसतो. शिवाय पियानोच्या पट्ट्या बारा, आणि गावच्या गळ्यातले कितीतरी स्वर त्या पट्ट्यांच्या फटीत पडतात. बालाकिरेव्हने १८६६ मध्ये आणि रिम्स्की-कोर्साकोव्हने १८७७ च्या सुमारास, या दोन रशियन संगीतकारांनी लोकगीतांचे संग्रह काढले, त्यात चालीखाली शिस्तशीर स्वरमेळ, म्हणजे चालीसोबत एकाच वेळी वाजणारे दुसरे स्वर, बसवला. पुढे येव्हगेनिया लिन्योवा फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत हिंडली, आणि १९०४ मध्ये तिचा पहिला खंड आला तेव्हा दिसलं की गावात चार बाया गातात तेव्हा चारही जणी तीच चाल गातात, पण प्रत्येकीची वाट जराशी वेगळी. मध्येच फुटतात, मध्येच एका स्वरावर येऊन मिळतात. या आडवाटांना रशियनमध्ये 'पोदगोलोस्की' म्हणतात. वारकऱ्यांच्या दिंडीत मधोमध उभं राहून अभंग ऐकला असेल तर हे सांगायची गरज नाही. संगीतशाळेतल्या स्वरमेळाने या आडवाटा बुजवून सरळ डांबरी रस्ता केला होता. त्यांच्याच काळातल्या मुसोर्ग्स्कीने १८६७ मध्ये उघड्या डोंगरावरच्या चेटकिणींच्या रात्रीवर वाद्यवृंदाची रचना केली. ओबडधोबड, अंगावर येणारी. त्याच्या मृत्यूनंतर १८८६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हने तिला साबण लावून अंघोळ घातली, आणि कित्येक दशकं जग तीच न्हालेली आवृत्ती ऐकत राहिलं. मूळची छापली गेली ती १९६८ मध्ये. दोन्ही ओळीने ऐकल्या की काकांचं म्हणणं पटतं.

पण या आक्षेपाच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे: कुठे तरी एक न हललेलं, शुद्ध गाव आहे. ते कुठे आहे? रशियाची ओळख म्हणून दाखवली जाणारी ती बालालायका, त्रिकोणी तंतुवाद्य, आजच्या रूपात घडली १८८० च्या दशकात, पीटर्सबर्गमध्ये, आंद्रेयेव्ह नावाच्या हौशी वादकाने कारागिरांकडून घडवून घेतली म्हणून. त्याच्याही आधी, १६४८ मध्ये, झार अलेक्सेईने गावोगाव फिरणाऱ्या बहुरूपी वादकांवर बंदी घालून त्यांची वाद्यं जाळायचा हुकूम काढला. पाच गाड्या भरून वाद्यं मॉस्क्वा नदीपलीकडे नेऊन जाळली, असं ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. बल्गेरियाच्या बायकांचं जे वृंदगान ऐकून युरोप-अमेरिकेतले लोक 'किती आदिम' म्हणत डोळे मिटतात, त्याची घडण फिलिप कुतेव्हच्या १९५१ मध्ये निघालेल्या सरकारी पथकातली. गळे गावचे, बांधणी संगीतशाळेतल्या माणसाची. ही फसवणूक आहे का? मला तर ते त्या काळातलं फार हुशारीचं काम वाटतं, कारण तिथे बांधणीने गळ्यापुढे मान तुकवली आहे. गावच्या चालीत दोन शेजारचे स्वर एकमेकांना घासतात, ते कुतेव्हने घासू दिले.

आपण हे नाटक आपल्याकडेही पाहिलेलं आहे. पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती परकी आहे, असं म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दारातून परत पाठवलं आणि १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता. तरी पेटी आणि ऑर्गन वजा करून मराठी नाट्यसंगीत उभं करून दाखवा! पेटीविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार आघाडीवर होता, आणि दिल्लीच्या आकाशवाणीत भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद जमवून त्यासाठी रचना करणाराही हाच गृहस्थ. शुद्धतेचा चौकीदार आणि मोट बांधणारा एकाच कोटात असू शकतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता भाच्याच्या बाजूकडे वळतो. त्याचं हुकमी पान म्हणजे रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीचं नृत्यनाट्य 'वसंताचं अनुष्ठान'. २९ मे १९१३, पॅरिस. प्रेक्षकांनी घातलेला गोंधळ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देतो. रशियन नावातला 'व्येस्ना' आपल्या 'वसंता'चा सख्खा भाऊ, एवढं सांगून पुढे जातो. गोष्ट अशी, की पेगन रशियात वृद्धांच्या वर्तुळात एक मुलगी सूर्यदेव यारिलोसाठी नाचून नाचून प्राण सोडते. भाचा म्हणतो, बघा, आदिम स्लाव्ह विधी! पण असा विधी स्लाव्हांत होता याला पुरावा नाही. गावात जाळायचे, पुरायचे किंवा बुडवायचे ते गवताचे पुतळे. ही गोष्ट १९११ च्या उन्हाळ्यात स्मोलेन्स्कजवळच्या तालाश्किनो गावी स्त्राविन्स्की आणि चित्रकार निकोलाय रेरिख यांनी बसून रचली. (हेच रेरिख पुढे कुलूजवळच्या नग्गरला येऊन राहिले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. त्यांचा मुलगा स्वेतोस्लाव्ह याने आपल्या बॉम्बे टॉकीजच्या देविका राणीशी लग्न केलं. जग लहान आहे.) तेव्हा पुराणकथा म्हणून पाहिलं तर 'अनुष्ठान' कल्पित आहे. बरं, सुरुवातीला बासून हे लाकडी फुंकवाद्य उंच पट्टीत, गळा आवळल्यासारखा, एकटाच जी चाल वाजवतो ती तरी स्लाव्ह आहे का? तीही नाही. ती लिथुएनियाची. युश्का नावाच्या पाद्रीने जमवलेल्या आणि १९०० मध्ये क्राकूव्हला छापलेल्या संग्रहातली १५७ क्रमांकाची चाल. लिथुएनियन लोक बाल्ट, स्लाव्ह नव्हेत. त्यांचा देश ख्रिस्ती झाला १३८७ मध्ये, कीव्हनंतर चारशे वर्षांनी. म्हणजे स्लाव्ह पेगनपणाचा हा सर्वांत प्रसिद्ध नमुना उघडतो तो शेजाऱ्याच्या चालीवर!

तरीही ही रचना खरी आहे, आणि का, ते त्या दुपारी काकांनीच दाखवून दिलं. काका हौशी तबलजी आहेत. मी त्यांना पहिल्या भागातला तो कुप्रसिद्ध तुकडा लावून दिला, जिथे तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरगुच्छ ठोकत राहतात आणि आठ हॉर्न मधूनच धक्का देतात. बत्तीस ठोके. "म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं," म्हणत काकांनी मांडीवर ताल धरला. पहिल्या नऊ ठोक्यांवर काहीच होत नाही. मग धक्का दहाव्यावर, लगेच बाराव्यावर, मग अठरा, एकवीस, पंचवीस, तीस. काका दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बोटं मोजत सुटले आणि म्हणाले, "हे समेला जुमानतच नाही." बरोबर. गावच्या गाण्यात शब्द लांबला की चालीचा तुकडा लांबतो, शब्द आखडला की तुकडा आखडतो; दोन-चार स्वरांची तीच फिरकी पुन्हा येते, पण तिचा भार दर वेळी वेगळ्या जागी पडतो. युरोपचा वाद्यवृंद दीडशे वर्षं सारख्या लांबीच्या घरांत चालत होता. स्त्राविन्स्कीने ती घरं मोडली. म्हातारपणी तो सांगत असे, की बासूनची ती एक चाल सोडली तर या रचनेत लोकसंगीत नाही. १९७९ मध्ये लॉरेन्स मॉर्टन या अभ्यासकाने त्याच संग्रहातल्या आणखी चाली आत सापडतात हे दाखवलं. पुढच्या वर्षी रिचर्ड तारुस्किनने स्त्राविन्स्कीच्या कच्च्या वह्यांवरून आणखी उकल केली. चाली चिरून, कुटून, ओळखू न येतील अशा मुरवल्या होत्या. लपवाछपवी केली म्हणून त्याला दोष द्या, मीही देतो. पण मुरलेलं लोणचं ते मुरलेलंच.

पुढचं पाऊल तर याहून बोलकं आहे. रशियन खेड्यातल्या लग्नावर त्याने रचना करायला घेतली. शब्द किरेयेव्स्कीच्या लोकगीतसंग्रहातले. आधी मोठा वाद्यवृंद योजला. जमेना. मग यांत्रिक पियानो, काड्यांनी वाजवायचं झिंबालोन, हार्मोनियम अशा खटपटी केल्या. शेवटी १९२३ मध्ये रंगमंचावर आले ते गायक, चार पियानो आणि तालवाद्यं. 'अनुष्ठाना'त ज्याने अवाढव्य वाद्यवृंद वापरला, त्याने गावचं लग्न ऐकू यावं म्हणून अख्खा वाद्यवृंद घरी पाठवला. काय सोडलं, हा माझा प्रश्न असतो तो यासाठी.

याच्या शेजारी दुसरा रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह याची 'सिथियन' मालिका ठेवा. 'अनुष्ठान' रंगमंचावर आणणाऱ्या दियागिलेव्हला तसलंच आणखी एक पेगन नृत्यनाट्य हवं होतं. कथानकातली 'आला' आणि 'लोली' ही नावंही घडवलेली. दियागिलेव्हने ते नाकारलं, प्रोकोफिएव्हने त्याची वाद्यवृंद-मालिका केली. मला ती ऐकायला आवडते, खोटं कशाला बोलू. शेवटचा सूर्योदय तर कान फाडून आत शिरतो. पण तिथे पेगन आहे ती नुसती गोष्ट आणि नुसता दणदणाट. वाद्यवृंद फक्त जास्त जोरात वाजतो, नवं चालायला शिकत नाही. गंमत म्हणजे १९१६ च्या डिसेंबरात मॉस्कोतल्या सबानेयेव्ह नावाच्या समीक्षकाने या रचनेची सालटी काढणारं परीक्षण छापलं, आणि त्या संध्याकाळी ती वाजलीच नव्हती. कार्यक्रम ऐनवेळी बदलला होता. न ऐकता भांडायची परंपरा जुनी आहे.

उलट टोकाला रिम्स्की-कोर्साकोव्हची 'हिमकन्या' ही संगीतिका, १८८२ सालची. तीच ती सुसंस्कृत, साबण लावणारी लेखणी. लेल त्यात मेंढपाळ होऊन येतो, म्हणजे पालुपदातून जन्मलेला देव थेट रंगमंचावर! पण शेवटी यारिलोच्या स्तवनाला त्याने अकरा मात्रांचं घर दिलं आणि तिथे त्याची लेखणी गावाच्या तालावर आली. गायकांना अकरा मोजता येईनात, म्हणून ते 'रिम्स्की-कोर्साकोव्ह पार वेडा झाला' हे अकरा अक्षरी रशियन वाक्य मनात म्हणत ताल सांभाळायचे, असा किस्सा सांगतात. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र ताल आहे, तेव्हा काकांना हे वेड काही नवं वाटलं नाही.

देवांवाचूनही हे काम होतं, आणि मला वाटतं कधी कधी जास्त चांगलं होतं. चेक कवी एर्बेन प्राग शहराचा दप्तरदार होता. त्याने लोककथांवरून रचलेली कवनं १८५३ मध्ये छापली आणि चेक संगीतकार द्वोर्झाकने १८९६ मध्ये त्यातल्या चार कवनांवर वाद्यवृंदाच्या रचना केल्या. एकीत 'पोलेद्नित्से' आहे, भर दुपारी बाराला येणारी हडळ. पोर रडतंय, आई वैतागून म्हणते, थांब, तिला बोलावते. आणि ती खरंच येते. बाराचे टोल पडतात, बाप जेवायला घरी येतो तोवर पोर आईच्या कवेतच गुदमरून गेलेलं असतं. कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. टळटळीत दुपारी बाराला पिंपळाखालून जाऊ नको, विहिरीवर आसरा असतात, हे आम्हाला आजीने सांगितलेलंच आहे. यात पेरून नाही, सोन्याची मिशी नाही, पण लोकांच्या मनात अजून जिवंत असलेली भीती आहे. आणि चारांपैकी सोन्याच्या चरख्याच्या कथेत तर द्वोर्झाकने वाद्यांच्या ओळी एर्बेनच्या शब्दांच्या वजनावर बेतल्या. गाणारं कुणी नाही, तरी कवन म्हणता येईल अशा. वाद्यवृंदाने तिथे चेक भाषेचा हेल उचलला.

राहिला सर्वांत कठीण आक्षेप, राजकारणाचा. रशियात, पोलंडात, सर्बियात 'आपले खरे देव' हा नारा वंशशुद्धीवाल्यांच्या तोंडी असतो. बनावट पुस्तकं, बनावट चिन्हं, वर मोठ्या वाद्यवृंदाचा दरारा: हे मिश्रण दारूगोळ्यासारखं आहे हे मी मान्य करतो. 'स्लाव्ह' हा शब्ददेखील निरागस राहिलेला नाही. २०२२ नंतर युक्रेनमधल्या माणसाला 'स्लाव्ह बंधुत्व' ऐकवून पाहा. त्यात वर्गाचा प्रश्नही आहे. १७५१ मध्ये मारेश नावाच्या चेक वादकाने रशियातल्या एका उमरावाकडे शिंगांचं पथक उभं केलं. एकेका माणसाच्या हाती एकेक शिंग, एका शिंगातून एकच स्वर. अशा पथकांत भूदासांना जुंपत. माणूस आयुष्यभर एक स्वर वाजवायचा, आणि तो स्वर धन्याचा. गावची कला दरबारात नेताना माणसाचं काय होतं, याचं याहून विदारक चित्र मला माहीत नाही. इरिना फेदोसोवा या निरक्षर विलापगायिकेचं नाव टिकलं, कारण बार्सोव्हने १८७२ पासून तिचे विलाप तिच्या नावासह छापले. बाकीच्या हजारोजणी 'लोक' या एका शब्दात विरून गेल्या.

पण मग उपाय काय, मिसळणं थांबवायचं? वंशशुद्धीवाल्याला मिश्रण नकोच असतं. त्याला हवं असतं वयाचं प्रमाणपत्र: हे पाच हजार वर्षांचं, हे फक्त आमचं. ते प्रमाणपत्र फाडायला या संगीताचा इतिहासच सर्वांत कामाचा आहे. लिथुएनियन पाद्रीची चाल, क्राकूव्हचा छापखाना, पॅरिसचं नाट्यगृह, चेक माणसाची शिंगं. 'श्चेद्रिक' कुणाचं, असं विचारलं तर उत्तर स्वच्छ आहे: युक्रेनचं. पण त्यातली पाकोळी कुणाच्या मालकीची हे ठरवायला कुठलं न्यायालय बसवणार? जो संगीतकार म्हणेल, 'ही चाल अमक्या गावच्या अमक्या बाईकडून घेतली, देवाची गोष्ट माझी मी रचली', त्याच्या रचनेवर झेंडा रोवणं अवघड जातं. जो म्हणेल, 'पूर्वजांचा आवाज माझ्यातून बोलतो', त्याच्यापासून जरा लांब बसावं, मग तो कितीही सुरेल असो.

त्या रविवारी चहा झाल्यावर भाच्याने फोनवर शोधून बेलारूसच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं वसंत-गाणं लावलं. साथ नाही, मागे कुठे तरी कुत्रं भुंकतंय. चार ओळी झाल्या, गळा वर उडाला, ऊऽऽ, आणि काका मान वळवून म्हणाले, "अरे, ही तर हाळी." मग भाच्याला म्हणाले, "आता तुझं ते लाव." त्याने गेममधलं गाणं परत लावलं. या खेपेला आम्ही तिघेही एकाच गोष्टीवर कान लावून बसलो होतो: ओळ संपते तिथे व्हायोलिनं काय करतात.